चौथ्या तासाआधीची पोटदुखी

तेजश्री जगदाळे आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली ती वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. मिरजेला बीएस्सी नर्सिंग करताना वर्गात तिचा नंबर कधी तिसऱ्याच्या खाली गेला नव्हता. पुण्यात लहान मुलांच्या आयसीयूत तिनं सहा वर्षं काढली. अमेरिकेला जायचं म्हणून लग्नाआधीच तिकडची नर्सची परीक्षा दिली, ती पहिल्या फटक्यात सुटली. पण अमेरिका राहिली बाजूला. नवऱ्याला, देवदत्तला, कंपनीनं जपानला पाठवलं आणि तीन वर्षांच्या केतकीला घेऊन ती योकोहामाला आली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

जपानमध्ये नर्स व्हायचं तर परीक्षा जपानीतून द्यावी लागते. तेजश्रीची भाषा तिथवर कधी पोचली नाही. अमेरिकेचं लायसन्स मात्र तिनं दर दोन वर्षांनी अर्ज करून जिवंत ठेवलं होतं, आणि तेच शेवटी कामाला आलं. तीन वर्षांपूर्वी योकोहामातल्या एका इंटरनॅशनल शाळेनं तिला आरोग्यखोलीत मदतनीस म्हणून घेतलं. तिथल्या मुख्य नर्स होत्या मोरिता-सान, पासष्टीला टेकलेल्या. त्या पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. प्रिन्सिपॉलनी तेजश्रीला बोलावून सांगितलं होतं, "शालेय नर्सचं अमेरिकन सर्टिफिकेट घ्या, जागा तुमची. नाहीतर आम्हाला बाहेरून कुणाला तरी आणावं लागेल."

तिनं जुलैत परीक्षा दिली आणि थोडक्या गुणांनी नापास झाली. पुढची संधी फेब्रुवारीत होती.

देवदत्त म्हणाला, "अगं, नोकरी सांभाळून दिलीस, पहिल्यांदा होतं असं." राग कुणावर काढावा, तिला कळत नव्हतं. तापाचे, दम्याचे, फिट येण्याचे, मधुमेहाचे सगळे प्रश्न तिला येत होते. चुकत कुठे होतं तेच समजत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा तिनं सरावाचं पुस्तक मोरिता-सानना दाखवलं. त्या दोघी इंग्रजीत बोलत, अडलं की जपानीत. मोरिता-साननी चष्मा लावून तिची चुकलेली उत्तरं एकेक करून वाचली. दुपारची सुट्टी होईपर्यंत त्या वाचत होत्या.

"तेजश्री-सान," त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक प्रश्नात हॉस्पिटलमध्ये उभ्या आहात."

"म्हणजे?"

"पेशंट आला, तपासलं, उपचार केला, डॉक्टरांना बोलावलं. बरोबरच आहे ते. पण शाळेतलं मूल पेशंट म्हणून येत नाही. ते वर्गातून येतं आणि परत वर्गात जातं. घरी जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतं."

तेजश्रीनं मान हलवली. समजलं असं तिला वाटलं, पण पुढच्या शनिवारी सोडवलेल्या पन्नास प्रश्नांत पुन्हा तशाच चौदा चुका निघाल्या.

मग तिनं केतकीला कामाला लावलं. केतकी चौदा वर्षांची, जपानी माध्यमिक शाळेत दुसऱ्या वर्षाला. आईचं मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र ती जपानीत द्यायची, मध्येच इंग्रजीत. शनिवारी सकाळी तेजश्री स्वयंपाकघरात भाजी चिरत उभी राही आणि केतकी ओट्यासमोरच्या उंच स्टुलावर बसून पुस्तकातला प्रश्न आणि चार पर्याय मोठ्यानं वाचे. तिचं वाचन स्वच्छ होतं, ठसठशीत. तेजश्रीला त्याचं कौतुक वाटे. बरोबर उत्तराला केतकी नुसती पुढचा प्रश्न वाचे आणि चुकलं की "बुऽऽ" असा जपानी टीव्हीवरच्या क्विझसारखा आवाज काढे.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिनं वाचलं, "दहा वर्षांची मुलगी तीन आठवड्यांत पाचव्यांदा पोटदुखीची तक्रार घेऊन आरोग्यखोलीत आली आहे. ताप नाही, उलटी नाही, वजन कमी झालेलं नाही. नर्सनं सर्वांत आधी काय करावं? ए, पालकांना फोन करून मुलीला घरी पाठवावं. बी, परवानगी असलेलं ॲसिडिटीचं औषध द्यावं. सी, डॉक्टरकडे पाठवावं. डी, मुलगी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आली याची नोंद पाहावी आणि तिच्याशी एकटीशी बोलावं."

"सी," तेजश्री म्हणाली. "पाचव्यांदा दुखतंय म्हणजे आतलं काही नाही ना, हे आधी बघायला नको?"

"बुऽऽ. डी."

"उत्तर न बघता सांगतेस?"

"बघायला कशाला पाहिजे?" केतकी जपानीत म्हणाली. "ताकेउचि-सेन्सेईंनी तेच केलं होतं."

"कोण ताकेउचि-सेन्सेई?"

केतकीनं पुस्तकात बोट घातलं आणि ते मिटलं. "बेत्सुनी," ती म्हणाली. काही विशेष नाही, असं म्हणायला ती हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरे. पण आज तो शब्द टाकून ती उठून गेली नाही. बसून राहिली.

तेजश्रीनं सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला. "केतू, कुणाचं पोट दुखत होतं?"

"माझं. तिसरीत. चौथीत पण थोडे दिवस."

दुसरीपर्यंत केतकी तोक्योजवळच्या एका भारतीय शाळेत होती, इंग्रजी माध्यमाच्या. मग इथेच राहायचं ठरलं आणि तिसरीत तिला घराजवळच्या सरकारी जपानी शाळेत घातलं. मुलं लवकर शिकतात, असं सगळेच म्हणाले होते. केतकीही रोज सकाळी दप्तर पाठीला लावून निमूट जात असे.

आता ती तुकड्यातुकड्यानं सांगू लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या तासाला जपानी भाषा असायची. बाई एकेकाला उभं करून वाचायला लावायच्या. एकदा 'माझी आई' असा निबंध लिहून तो वाचायचा होता. जपानीत हॉस्पिटलला 'ब्योइन' म्हणतात आणि ब्युटी पार्लरला 'बियोइन'. आई पूर्वी ब्योइनमध्ये कामाला होती, असं वाचायचं ते ती बियोइनमध्ये असं वाचून गेली. पुढचं वाक्य होतं, तिथे खूप आजारी मुलं येत. सगळा वर्ग हसला. बाईंनाही हसू आवरलं नाही. मग कितीतरी दिवस मुलं तिला विचारत, तुझी आई केस कापून देते का?

"त्यानंतर चौथ्या तासाआधी दुखायला लागायचं," केतकी म्हणाली. "खरंच दुखायचं. नाटक नव्हतं."

"मला माहितीये. खरंच दुखतं ते." तेजश्री तिच्या समोरच्या खुर्चीवर बसली. "मग?"

"मग मी होकेनशित्सुत जायचे." म्हणजे शाळेच्या आरोग्यखोलीत. "तिथे ताकेउचि-सेन्सेई होत्या, तिथल्या नर्सबाई. त्यांनी वहीत बघितलं, मी मंगळवार-शुक्रवारीच येते. मग म्हणाल्या, इथे वाच, मी ऐकते. वर्षभर मी त्यांच्यासमोर वाचत होते. घरच्या वाचनाचं कार्ड असायचं ना, त्याच्यावर पण त्याच सही करायच्या."

ते कार्ड तेजश्रीला आठवलं. मुलानं रोज घरी धडा मोठ्यानं वाचायचा, पालकांनी ऐकल्याची खूण म्हणून कार्डावर गोल करायचा. तिला त्या धड्यांतलं काही कळत नसे. सुरुवातीला तिनं काही गोल केले. नंतर कार्ड समोर यायचंच बंद झालं आणि तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"शाळेनं मला कसं नाही कळवलं?"

केतकी खाली बघत होती. "कळवलं होतं. तीनदा. चिठ्ठी दिली होती."

"आणि?"

"तू विचारायचीस ना, काय लिहिलंय. मी सांगितलं, फ्लूच्या लसीचं आहे. एकदा सांगितलं, पोहण्याच्या तासाचं आहे."

"का पण, बाळा?"

पुढचं वाक्य केतकी मराठीत बोलली, म्हणून ते जास्त लागलं. "तू तेव्हा दिवसभर झोपायचीस. मी आले की तुझे डोळे लाल असायचे. मला वाटलं, हे पण सांगितलं तर तू अजून रडशील."

केतकीच्या तिसरी-चौथीची ती दोन वर्षं तेजश्री कुणाशी बोलत नसे. देवदत्त सकाळी सात वाजता तोक्योतल्या तोयोसुच्या ऑफिसला निघे, जायलाच सव्वा तास, तो केतकी झोपल्यावर परते. तेजश्री पडदे लावून पडून राही. आयसीयूत बारा बारा तास उभी राहणारी बाई, तिला दूध संपलं तर कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानापर्यंत जायचा धीर होत नसे. पुढे कधीतरी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चालणाऱ्या जपानीच्या वर्गात ती गेली आणि हळूहळू बाहेर आली. त्या काळाबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. केतकी लहान होती, तिला काय आठवणार, अशीच तिची समजूत होती.

त्या दिवशी पुढे अभ्यास झाला नाही. जेवणं झाल्यावर तिनं कपाटातल्या फायली काढल्या. वाचता येत नसल्यामुळे कुठला कागद महत्त्वाचा ते कळत नसे, म्हणून शाळेकडून आलेला एकही कागद तिनं टाकला नव्हता. सहलींची पत्रकं, जेवणाचे मेनू, भूकंपाच्या सरावाच्या सूचना. त्यांतून तिनं तिन्ही चिठ्ठ्या शोधल्या. बाकी सगळे कागद छापील होते, या तीन हातानं लिहिलेल्या. आणि प्रत्येक अवघड अक्षरावर पेन्सिलीनं बारीक, सोप्या लिपीत उच्चार लिहिलेला होता. केतकीसाठी नव्हे, तेजश्रीसाठी. तेवढी सोपी लिपी तिला तेव्हाही येत होती. एकेक अक्षर लावून तिनं अर्ध्या तासात वाचलं असतं. तिनं बघितलंच नव्हतं.

तिसरी चिठ्ठी सर्वांत लहान होती. केतकी-सान खूप प्रयत्न करते आहे. तुम्हाला एकदा भेटायला आवडेल. तुम्हाला सोयीच्या कोणत्याही दिवशी या.

देवदत्त हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं लॅपटॉप मिटला, चिठ्ठी हातात घेतली, वाचता येत असूनही बराच वेळ नुसती धरून ठेवली.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू घरी कधी असायचास?"

टोमणा मारायचा तिचा विचार नव्हता. त्यानंही तो टोमणा म्हणून घेतला नाही. "हं," म्हणाला. थोड्या वेळानं उठून केतकीच्या खोलीच्या दारावर टकटक करून आत गेला. आत काय बोलणं झालं ते तेजश्रीनं विचारलं नाही.

ताकेउचि-सेन्सेईंची बदली झाली होती. जुन्या शाळेला फोन करून तेजश्रीनं नवीन शाळा शोधली, ती योकोहामातच निघाली. केतकीला हे पसंत नव्हतं. लाज वाटते, म्हणाली, इतकी वर्षं झाली, त्यांना आठवणार पण नाही. पण डिसेंबरातल्या ज्या गुरुवारी दुपारी भेट ठरली, त्या दिवशी ती शाळेतून थेट स्टेशनवर आली आणि युनिफॉर्मवरच आईबरोबर ट्रेनमध्ये चढली.

ताकेउचि-सेन्सेई पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात चार पेनं. दारात केतकीला बघून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "उंच झालीस. वाचतेस ना अजून?" केतकीनं वाकून नमस्कार केला आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली.

तेजश्रीनं जपानीत बोलायचं पाठ करून आणलं होतं. माझ्या मुलीकडे तुम्ही पाहिलंत, आणि मी तुमची चिठ्ठीसुद्धा वाचली नाही, मला माफ करा. दोन ठिकाणी अडखळली, पण पूर्ण केलं.

ताकेउचि-सेन्सेई ऐकून घेऊन म्हणाल्या, "माफी मलाही मागायची आहे. चौथ्या चिठ्ठीऐवजी मी तुमच्या घरी आले होते."

"कधी?"

"फेब्रुवारी होता. तुमच्या बिल्डिंगखाली उभी राहिले. तुमच्या खिडकीचे पडदे भर दुपारी लावलेले होते. केतकी-साननं सांगितलं होतं, आई दमलेली असते. मला कळत होतं, काहीतरी बरं नाही. पण मला इंग्रजी येत नाही. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलू, तेच सुचेना. दहा मिनिटं उभी राहिले आणि बेल न वाजवता परत गेले. मुलीला वाचायला शिकवलं, म्हणून मीच माझी समजूत घातली. पण आईपर्यंत मी पोचले नाही. अजून आठवतं मला."

तेजश्रीला तो फेब्रुवारी आठवत होता. कुणी बेल वाजवली असती तर आपण दार उघडलं असतं का, हे तिला आज सांगता आलं नसतं.

"तुम्ही माझ्या मुलीपर्यंत पोचलात," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा मलाही ते जमत नव्हतं."

मग चहा झाला. तेजश्रीनं परीक्षेचं सांगितलं, नापास झाल्याचंही. आणि ज्यासाठी ती आली होती असं तिला तिथे बसल्यावर उमगलं, ते विचारलं, "केतकी पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत?"

"काही नाही," ताकेउचि-सेन्सेई हसल्या. "बस म्हटलं. आणि माझं लिहायचं काम करत राहिले. वीस मिनिटं ती बोलली नाही. मग तिनं विचारलं, तुम्ही काय लिहिता? मी म्हटलं, कोण कधी आलं ते. तिनं विचारलं, माझं पण लिहिता का? म्हटलं, हो, बघ. आम्ही दोघींनी मिळून बघितलं."

परतीच्या ट्रेनमध्ये केतकी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. असं ती गेल्या दोन वर्षांत वागली नव्हती. तेजश्री स्टेशनं मोजत ताठ बसून राहिली.

त्यानंतर प्रश्न सोडवताना ती वेगळ्या तऱ्हेनं वाचू लागली. पर्यायांकडे जाण्याआधी ती थांबे आणि त्या प्रश्नातलं मूल कोण असेल, ते कुठल्या तासातून उठून आलं असेल, त्याच्या घरी दार कोण उघडत असेल, असा विचार करी. यात वेळ फार जायचा. दीडशे प्रश्नांतले वीस राहून जायचे. मग केतकीनं मोबाईलवर टायमर लावायला सुरुवात केली. "आई, प्रत्येक मुलाचा विचार कर, पण एका मिनिटात कर," ती म्हणायची. पन्नास प्रश्नांतल्या चुका चौदावरून नऊवर आल्या, मग पाचवर. काही प्रश्नांत हॉस्पिटलच बरोबर असे. मधमाशी चावून श्वास अडकलेल्या मुलाच्या प्रश्नात ती घरच्या परिस्थितीचा विचार करत बसली, तेव्हा केतकीनं जोरात "बुऽऽ" केलं आणि दोघी हसल्या.

शाळेतही तिनं एक गोष्ट बदलली. घरी पाठवायच्या चिठ्ठ्या इंग्रजीत असत. वारंवार येणाऱ्या मुलांच्या घरी ती आता चिठ्ठीबरोबर फोनही करू लागली. एका कोरियन मुलीच्या वडिलांशी बोलताना दोघांनाही धड न येणाऱ्या जपानीत पंचवीस मिनिटं गेली. मोरिता-सान बाजूला बसून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "त्यांना किती कळलं असेल?"

"निम्मं," तेजश्री म्हणाली. "पण मी फोन केला होता, हे कळलं."

फेब्रुवारीतल्या परीक्षेला देवदत्तनं सुट्टी घेतली आणि तिला तोक्योतल्या केंद्रापर्यंत सोडायला आला. नको म्हटलं तरी आला. ती चार तासांनी बाहेर पडली तेव्हा तो समोरच्या कॅफेत बसला होता. कसा गेला पेपर, असं त्यानं विचारलं नाही, भूक लागली का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "लागली," आणि दोघं बिर्याणी खायला गेले. जेवताना तो म्हणाला, "त्या दोन वर्षांत मला दिसत होतं गं. काय करायचं कळत नव्हतं, म्हणून मी उशिरा यायचो." तिनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा म्हटलं होतं. ती रागावली असती तर चाललं असतं, पण तिला राग आला नाही. "आता लवकर ये," ती म्हणाली.

निकाल मार्चच्या अखेरीस आला. त्या दिवशी शाळेत उलट्यांची साथ होती, सकाळपासून अकरा मुलं येऊन गेली होती, आणि ईमेल येऊन दोन तास झाल्यावर तिनं तो उघडला. उत्तीर्ण. तिनं मोबाईल मोरिता-सानपुढे धरला. मोरिता-सान खुर्चीवरून उठल्या, रीतसर वाकल्या, आणि म्हणाल्या, "अभिनंदन. आता हातमोजे मागवायचे आहेत, तुम्हीच मागवा." मग चष्मा काढून पुसत बसल्या.

संध्याकाळी घरी केतकीनं स्कोअर विचारला, पुस्तकातल्या शेवटच्या सराव परीक्षेशी ताडून पाहिला आणि तीन गुण जास्त आहेत म्हणून समाधान व्यक्त केलं. देवदत्त साडेसहाला आला. जेवण होईपर्यंत केतकी टेबलाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहीत होती. ते ताकेउचि-सेन्सेईंना लिहिलेलं कार्ड होतं. पाकिटात घालण्याआधी तिनं ते आईपुढे सरकवलं.

तेजश्रीनं चष्मा लावून वाचलं. चौथ्या ओळीतले दोन शब्द तिला आले नाहीत. तिनं त्यांच्यावर बोट ठेवून विचारलं.

केतकी तिच्या शेजारी येऊन बसली. "हा 'अभिमान'," ती मराठीत म्हणाली. "आणि हा 'पुन्हा एकदा'. थांब, पूर्ण ओळच वाचते."